सुरात सूर मिळवण्याच्या अटी

आमच्या टीममधली एक टेस्टर ओहायोत राहते. वयाने माझ्या आईएवढी, पण दोन वर्षं रोज कॉलवर बोलून आता अगदी मैत्रीण झाली आहे. मागच्या वर्षी एकदा रिलीज तिच्याकडच्या मंगळवारी संध्याकाळी ठरलं. एरवी रात्री-अपरात्री हजर असणारी ही बाई सरळ म्हणाली, "मंगळवारी जमणार नाही. माझी तालीम असते."

मला वाटलं चर्चमधलं गाणं असेल. ती म्हणाली, "नाही, बार्बरशॉप. बायकांचा बार्बरशॉप कोरस." माझ्या डोळ्यांसमोर आधी न्हाव्याचं दुकान आलं. मी हसले, तीही हसली आणि तिने मला एक फाइल पाठवली. त्यांच्या कोरसमध्ये नव्याने येणाऱ्या बायकांना देतात ती, 'सदस्यांकडून अपेक्षा' अशा अर्थाची.

मी कामाची कागदपत्रं वाचते तशी ती वाचली. आठवड्यातून एकदा तीन तास तालीम, तीही बहुतेक वेळ पायऱ्यापायऱ्यांच्या मांडणीवर उभं राहून. येणार नसाल तर आपल्या गटाच्या प्रमुखाला आधी कळवायचं. दर महिन्याला वर्गणी. नवं गाणं घरी शिकून यायचं. त्यासाठी ऑडिओ मिळतो, ज्यात एका कानात फक्त तुमचा सूर आणि दुसऱ्या कानात बाकीचे तीन. शिकून झालं की फोनवर स्वतःचं रेकॉर्डिंग करून पाठवायचं आणि ते पास झालं तरच त्या गाण्याला स्टेजवर उभं राहता येतं. कागद हातात घेऊन गायचं नाही, सगळं पाठ. तालमीला अत्तर लावून यायचं नाही. कार्यक्रमाला सगळ्यांचा एकच पोशाख, एकाच छटेची लिपस्टिक, खोट्या पापण्या. शिवाय प्रत्येकीने कुठल्या तरी समितीचं काम करायचं: कपडे, तिकिटं, हिशोब, प्रवास, खाऊ.

मी तिला लिहिलं, "हे तर आपल्या कंपनीपेक्षा कडक आहे. आणि वर तुम्हीच पैसे देता!" तिचं उत्तर आलं, "एकदा कॉर्ड वाजताना आत उभी राहा, मग बोल."

तिथून मी या विषयात शिरले. सुरुवातीला मला फक्त हे समजून घ्यायचं होतं की हौसेच्या गाण्याला इतके नियम का लागतात. पुढे जे सापडलं ते मात्र फाइलमध्ये लिहिलेलं नव्हतं.

चार आवाज आणि पाचवा

बार्बरशॉप म्हणजे वाद्यांशिवाय चार आवाजांत गायचं गाणं. मुख्य चाल गाते ती लीड. तिच्या वर हलका टेनर. तळाला बास. आणि मधल्या उरलेल्या जागा भरते ती बॅरिटोन, जिच्या वाट्याला बहुतेक वेळा सगळ्यांत विचित्र सुरावट येते. ही नावं पुरुषांच्या आवाजांची आहेत, पण बायकांच्या गटांनीही तीच ठेवली. बाई असूनही ती स्वतःला अभिमानाने 'बास' म्हणवते.

चौघांतली प्रत्येक जण एकाच वेळी वेगळा सूर लावते, आणि शब्द मात्र बहुतेक सगळ्या एकत्रच म्हणतात. आपल्याकडच्या गाण्याची सवय असलेल्या कानाला हे आधी गोंधळाचं वाटतं. पण या गाण्याच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती आपल्याला चांगली ओळखीची आहे.

तंबोरा नीट जुळला की त्यातून एक गंधार ऐकू येतो. कुठलीही तार गंधाराला लावलेली नसते, तरी तो येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. एका सुराच्या पोटात त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूर लपलेले असतात, त्यातला हा पाचवा. बार्बरशॉप गाणारे नेमकं हेच चार माणसांच्या गळ्यांतून साधतात. त्यांच्या लाडक्या कॉर्डमधल्या चार सुरांच्या कंपनांचं प्रमाण ४:५:६:७ असतं. आपल्या भाषेत साधारण सा, ग, प आणि कोमल नी. पण हे पियानोवरचे सूर नव्हेत. एका अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर हा गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ भाग खाली असतो आणि तो कोमल निषाद तर सुमारे ३१ भाग खाली. पेटीवर जे स्वर मिळत नाहीत म्हणून आपले गवई कुरकुरतात, तीच ही कुरकुर.

हे प्रमाण बरोबर जुळलं की चारही आवाजांतले लपलेले सूर एकमेकांवर बसतात आणि वर एक पाचवा आवाज ऐकू येतो, जो कुणीच गात नसतं. गाणारे त्याला 'रिंग' म्हणतात. घंटा वाजल्यासारखा असतो म्हणून.

आता फाइलमधले नियम पुन्हा वाचा. आवाज फार हलवायचा नाही, कारण सूर डळमळला की प्रमाण मोडतं. प्रत्येक स्वराक्षर सगळ्यांनी एकाच आकाराच्या तोंडाने म्हणायचं, कारण तोंडाचा आकार बदलला की आतले लपलेले सूर बदलतात. गैरहजर राहायचं नाही, कारण चार थरांचा समतोल असतो: तळ भक्कम हवा, टेनर थोडा हवा. बासमधल्या चारजणी आल्या नाहीत तर बाकीच्यांची तालीम वाया. पाठ करायचं, कारण डोळे कागदात असतील तर कान शेजारणीकडे नसतात. अत्तर नको, कारण तीन तास दाटीवाटीने उभं राहून खोल श्वास घ्यायचे असतात.

प्रवेशासाठी चाचणी असते, पण ती एकटीने गाणं गाजवायची नाही. नोटेशन वाचता येत नसलं तरी अनेक ठिकाणी चालतं. तुम्हाला दुसरीचा सूर ऐकून आपला धरून ठेवता येतो का, एवढंच मुख्यतः पाहतात. थोडक्यात, एकटीचा आवाज उठून दिसला तर ती चूक.

इथपर्यंत मला सगळं पटलं होतं. प्रत्येक नियमामागे कारण होतं. कोड वाचताना कुठलीही ओळ फुकट नाही असं दिसलं की जे समाधान मिळतं, ते मिळालं.

टल्सा, १९३८ आणि १९४५

या संस्थांची गोष्ट ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात सुरू होते. ओ. सी. कॅश हा करांच्या खटल्यांचा वकील आणि रूपर्ट हॉल हा गुंतवणुकीच्या धंद्यातला माणूस. दोघंही टल्साचे. कॅन्सस सिटीतल्या एका हॉटेलात त्यांची गाठ पडली, जुन्या चौकडीच्या गाण्यांवर गप्पा झाल्या आणि परतल्यावर त्यांनी एक गमतीदार पत्र लिहून ओळखीच्यांना गायला बोलावलं. ११ एप्रिल १९३८ ला टल्सा क्लबच्या गच्चीवर २६ पुरुष जमले.

संस्थेचं नाव त्यांनी मुद्दाम लांबलचक ठेवलं. 'अमेरिकेत बार्बरशॉप चौकडीचं गाणं जतन करण्यासाठी आणि त्याला प्रोत्साहन देण्यासाठीची संस्था' असं काहीतरी. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या काळात सरकारी खात्यांची आद्याक्षरी नावं फार झाली होती, त्यांची ही टिंगल होती. मंदीतून बाहेर पडणाऱ्या देशात आपल्या लहानपणीचा काळ किती छान होता, ही आठवण लोकांना हवीच होती. संस्था भराभर वाढली. सदस्य फक्त पुरुष.

त्या पुरुषांच्या बायका काय करत होत्या? कार्यक्रमाला येत होत्या, खाणंपिणं बघत होत्या आणि ऐकून ऐकून सगळी गाणी त्यांना येत होती. १३ जुलै १९४५ ला एडना मे अँडरसन या टल्साच्याच बाईने अशा काही जणींना एकत्र बोलावलं. आपणही गाऊ या, एवढाच विचार. त्यांच्या पहिल्या शाखेचं नाव होतं 'ॲटोमॅटॉन', म्हणजे अणूएवढी कल्पना आणि टनभर उत्साह! संस्थेचं नाव ठेवलं 'स्वीट ॲडेलाइन्स', १९०३ च्या एका लोकप्रिय गाण्यावरून.

महायुद्ध संपत आलं होतं. कारखान्यांत काम केलेल्या अमेरिकन बायकांना आता घरी परत जा असं सांगितलं जाणार होतं. अशा वेळी आठवड्यातली एक संध्याकाळ स्वतःची, वर अध्यक्ष, खजिनदार, हिशोब, निवडणुका सगळं आपलं आपण. मला वाटतं त्या समित्यांच्या नियमाचं मूळ इथे आहे. आज ते काम ओझं वाटू शकतं, पण १९४५ च्या गृहिणीला सभेत ठराव मांडायची संधी दुसरीकडे कुठे मिळत होती?

१९४७ मध्ये चौकड्यांची पहिली मोठी स्पर्धा झाली आणि इलिनॉयमधल्या डिकेटरच्या 'डिकेटरेट्स' जिंकल्या. विस्कॉन्सिनमधल्या शेबॉयगन गावच्या चार मुलींची 'कॉर्डेट्स' ही चौकडीही याच वातावरणात तयार झाली. त्यातल्या एकीचे वडील पुरुषांच्या संस्थेतले बडे पदाधिकारी होते. १९५४ मध्ये त्यांचं 'मिस्टर सँडमन' अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. ते तुम्ही नक्की ऐकलं असेल, निदान एखाद्या रीलच्या मागे.

सुरुवातीला मान चौकडीचा होता. पण चौकडीत चारजणींनाच जागा. गावातल्या चाळीस जणींना गायचं असेल तर कोरस हवा. हळूहळू कोरस मोठे झाले आणि १९७३ पासून त्यांची वेगळी आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. स्पर्धा आली की परीक्षक आले, परीक्षक आले की गुणांचे तक्ते आले. आवाज, संगीत, भाव आणि सादरीकरण अशा चार भागांत बरीच वर्षं गुण दिले जात. सादरीकरणाला गुण आहेत म्हटल्यावर हातवारे ठरले, पावलं ठरली, पोशाखावर चमचम आली आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही चेहरा दिसावा म्हणून लाल ओठ आणि त्या खोट्या पापण्या आल्या. माझ्या मैत्रिणीच्या फाइलमधले मेकअपचे नियम तिथून आले आहेत. पोरकटपणा वाटतो, पण त्यालाही कारण आहे.

फाइलमध्ये नसलेला नियम

१९५७-५८ च्या सुमारास स्वीट ॲडेलाइन्समध्ये सदस्यत्वाची आणखी एक अट होती. सदस्य गोरी बाई असली पाहिजे.

हे वाचून मी थांबले. ४:५:६:७ मध्ये कातडीचा रंग कुठे बसतो? बाकी प्रत्येक नियमाचं उत्तर मी आवाजातून काढू शकले होते. याचं काढता येईना, कारण ते आवाजात नव्हतंच.

पुरुषांच्या संस्थेत हे आधीच घडून गेलं होतं. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर हमाली करणाऱ्या काळ्या गायकांची एक चौकडी होती, 'ग्रँड सेंट्रल रेड कॅप्स'. ते शहरातली स्पर्धा जिंकले, पण १९४१ मध्ये सेंट लुइसला होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना उतरू दिलं नाही. निषेध म्हणून न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर अल स्मिथ आणि शहराचे बडे अधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी संस्थेचा राजीनामा दिला. संस्थेचं धोरण मात्र बदललं नाही. वंशाची अट पुरुषांनी काढली ती १९६३ मध्ये.

बायकांच्या संस्थेत जे घडलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंड या दोन राज्यांतल्या काही शाखांनी ही अट मान्य करायला नकार दिला आणि त्या बाहेर पडल्या. १९५९ मध्ये त्यांनी ऱ्होड आयलंडमध्ये 'हार्मनी इनकॉर्पोरेटेड' नावाची वेगळी संस्था नोंदवली. बाहेर पडणं म्हणजे काय, हे फाइल वाचलेली असल्यामुळे मला कळत होतं. स्पर्धा गेली, मैत्रिणी गेल्या, वर्षानुवर्षं जमवलेली ओळख गेली. पुन्हा शून्यापासून वर्गणी, घटना, समित्या. आणि या बाहेर पडलेल्या बायका काही पुढारी नव्हत्या. आठवड्यातून एकदा गायला जमणाऱ्या साध्या बायका होत्या.

पुढे १९६३ मध्ये कॅनडातल्या ओटावाच्या 'कॅपिटल कॉर्डेट्स' या शाखेला एका काळ्या बाईला सदस्य करून घ्यायचं होतं. तसं केलंत तर तुम्हालाच काढून टाकू, असा इशारा आला. अख्खी शाखा उठली आणि हार्मनी इनकॉर्पोरेटेडमध्ये गेली. जिच्यासाठी हे झालं तिला सूर धरता येत होता. बाकीच्यांनी तेवढंच पाहिलं.

स्वीट ॲडेलाइन्सने ती अट साठच्या दशकाच्या मध्यावर काढून टाकली. आज त्यांचे कोरस अमेरिकेबाहेर स्वीडन, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान असे पसरलेले आहेत आणि मुख्यालय अजूनही टल्सालाच आहे.

दुकान कुणाचं होतं?

या सगळ्यात एक कडू विनोद आहे. जे गाणं 'जतन' करायला गोरे लोक जमले होते, ते मुळात कुणाचं होतं? लिन ॲबट या अभ्यासकाने १९९२ मध्ये जुनी वर्तमानपत्रं आणि आठवणी धुंडाळून दाखवून दिलं की ही गाण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या अमेरिकन लोकांमध्ये घडली. काळ्या माणसांचं न्हाव्याचं दुकान म्हणजे गप्पांचा, बातम्यांचा आणि गाण्याचा अड्डा. आपला नंबर लागेपर्यंत चौघं मिळून सूर जमवायचे. लुई आर्मस्ट्राँग लहानपणी न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर चौकडीत गायचा. ब्लूजचा जनक म्हणतात तो डब्ल्यू. सी. हँडीही तरुणपणी चौकडीत गायला होता. जेम्स वेल्डन जॉन्सन या काळ्या लेखकाने तर १९२५ मध्येच हे लिहून ठेवलं होतं. पण पट्टेरी कोट, गवती टोपी आणि मिशा यांचं गोरं चित्र इतकं पक्कं झालं की मूळ मालक चित्रातून गेले.

आणि शहर टल्सा. गच्चीवरच्या त्या बैठकीच्या १७ वर्षं आधी, ३१ मे आणि १ जून १९२१ ला, याच शहरातली ग्रीनवुड ही काळ्या लोकांची भरभराटीची वस्ती गोऱ्या जमावाने जाळली. सुमारे ३५ चौक बेचिराख झाले. त्या वस्तीत घरं होती, दुकानं होती. गच्चीवर जमलेल्यांचा त्या जाळपोळीशी संबंध होता असं मी म्हणत नाही. पण जुन्या गोड दिवसांची आठवण काढत असताना त्या आठवणीत काय येतं आणि काय येत नाही, हे तिथे दिसतं.

पुरुषांच्या संस्थेने २०१८ मध्ये बायकांनाही पूर्ण सदस्यत्व खुलं केलं. ८० वर्षं लागली. बायकांचे कोरस मात्र त्यानंतरही चालूच आहेत. मैत्रिणीला मी विचारलं की आता तिकडे का जात नाहीस. म्हणाली, "इथे बास मी आहे. तिथे तळाला कुणीतरी बाप्या असेल."

फ्लॅट नंबर

हा लेख इथेच संपवायचा होता. अमेरिकेतला वर्णभेद वाईट, हे लिहायला मला काहीच पडत नाही. पण मध्येच एक गोष्ट झाली.

आमच्या सोसायटीत बायकांचं भजनी मंडळ आहे. आई त्यात आहे. एकसारख्या साड्या, दर गुरुवारी सराव, आषाढीच्या आधी रोज, वर्षातून एखादी स्पर्धा. गैरहजर राहिलं की टोमणे. ओहायोची फाइल मी आईला वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "आमचंच आहे की सगळं. पापण्या तेवढ्या सोडून."

दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म मीच बनवून दिला होता. नाव, फोन, वाद्य येतं का आणि फ्लॅट नंबर. चारही रकाने भरणं सक्तीचं. मला कुणी सांगितलं नव्हतं, सवयीने मी तसं केलं होतं.

आमच्याकडे स्वयंपाकाला काकू येतात. पोळ्या लाटताना गवळण म्हणतात, कधी अभंग. त्यांचा आवाज असा की मी मीटिंग म्यूट करून ऐकते. एकदा मी आईला विचारलं, काकूंना मंडळात का घेत नाही? आई गप्प राहिली, मग म्हणाली, "अगं, कुणी नाही म्हटलेलं नाही." खरंच होतं. कुणी नाही म्हटलेलंच नव्हतं. असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. फक्त माझ्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, जो भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, आणि काकूंना त्यात लिहायला काही नव्हतं.

स्वीट ॲडेलाइन्सची अट निदान अट म्हणून समोर होती. तिच्याविरुद्ध भांडता आलं, राजीनामा देता आला, ओटावाच्या बायकांना उठून जाता आलं. आमच्या अटीविरुद्ध कोण उठणार? ती तर दिसतच नाही.

मी त्या रकान्यावरची सक्ती काढली. दोन मिनिटांचं काम. मग आईशी बोलले, ते दोन मिनिटांचं नव्हतं. आईने गुरुवारी मंडळात विषय काढला. दोघीतिघींनी सरावाची वेळ काकूंना जमणार नाही असं सांगितलं, एकीने साडीच्या खर्चाचं काढलं. साडीचे पैसे आम्ही देऊ असं आई म्हणाली. सरावाची वेळ अजून ठरायची आहे, कारण संध्याकाळी पाचला काकू चौथ्या घरच्या पोळ्या करत असतात. सात वाजता सराव ठेवला तर बाकीच्यांच्या घरचं जेवण अडतं.

काकूंना अजून कुणी विचारलेलंच नाही, हे परवा माझ्या लक्षात आलं. आज मी विचारलं. त्या हसल्या, पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, "बघू. आधी ऐकायला येते एक दिवस. मंडळ कसं गातंय ते बघते, मग ठरवते."